छातीत दुखतंय, ईसीजी नॉर्मल आहे, तर थेट हार्टचा सीटी करावा का?

प्रश्न: बाबा ५८ वर्षांचे, निपाणीत असतात. काल रात्रीपासून छातीत जड वाटतंय. ईसीजी नॉर्मल आला. बेळगावात १२८ स्लाइसच्या मशीनवर थेट सीटी करून घेऊ का?

उत्तर: स्लाइस किती, म्हणजे एका फेरीत मशीन किती काप टिपतं, ते विचारलंत, बाबांची नाडी किती ते नाही लिहिलंत. सीटीच्या टेबलाशी आम्हाला रोज हेच ऐकावं लागतं.

खानापूरकडचे एक गृहस्थ, पन्नाशीतले, तंबाखूची सवय. दोन तास छाती जड. ईसीजी ठीक, पहिला ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह. बसस्टँडवर चहा मारून आलेले, नाडी ९२, हाताच्या पंज्यावर निळं, बारीक इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत ठेवायची नळी. "एवढं मोठं मशीन हाय न्हवं, मग घ्या की," मुलगा म्हणाला. घेतला. उजवी कोरोनरी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी धमनी, मधेच दुहेरी उमटली आणि रिपोर्टात आलं, 'निष्कर्ष काढता येत नाही'. खापर मशीनवर.

आता गणित बघा. नाडी ६० असली तर एका ठोक्याला १००० मिलिसेकंद मिळतात, ९२ असली तर जेमतेम ६५०. यात आखडतो तो मुख्यतः हृदय सैल पडून स्थिर असण्याचा काळ, आणि चित्र आम्ही त्यातच पकडतो. गॅन्ट्रीला, म्हणजे मशीनच्या फिरत्या कड्याला, एका फेरीला ३५० मिलिसेकंद लागत असतील तर एका चित्राला अर्धी फेरी, म्हणजे १७५ लागणारच. स्लाइस वाढल्या की एका फेरीत हृदयाचा जास्त भाग येतो, फेरी काही जलद होत नाही. उजवी कोरोनरी सगळ्यात जास्त हलते, म्हणून आधी तीच बिघडते.

करायला हवं होतं ते असं: तासभर आधी नाडी उतरवणारं मेटोप्रोलॉल ५० ते १०० मिलिग्रॅम तोंडाने, किंवा मॉनिटर लावून शिरेतून ५-५ मिलिग्रॅम, नाडी ६० च्या आसपास येईपर्यंत. उजव्या कोपरात हिरवं, १८ नंबरचं इंट्राकॅथ, कारण ६० ते ८० मिली डाय (धमन्या चित्रात दिसाव्यात म्हणून सोडायचं औषध) सेकंदाला ५ मिलीच्या वेगाने जातो. पंज्यावरची बारीक शीर तो वेग सोसत नाही, डाय कातडीखाली उतरतो. श्वास रोखायची तालीम आधी घ्यायची आणि तेव्हा नाडी कुठे जाते ते बघायचं. शेवटी जिभेखाली धमन्या रुंदावणारं नायट्रोग्लिसरीन. त्याआधी व्हायग्राच्या जातीची गोळी घेतलीय का ते बायकामुलांना बाहेर काढून विचारायचं, नाहीतर बीपी कोसळतं.

त्या गृहस्थांचा तीन तासांनंतरचा ट्रोपोनिन चढला आणि ते कॅथलॅबला, म्हणजे धमनीतून नळी घालून अँजिओग्राफी करतात तिथे, गेले. तिथे परत डाय. पहिला सगळा डाय वाया.

म्हणून तुमच्यासाठी क्रम: ईसीजी पुन्हा, कारण एक नॉर्मल ईसीजी म्हणजे काही सिद्ध होत नाही. ट्रोपोनिन दोनदा. ईसीजी बदलला किंवा ट्रोपोनिन चढला तर सीटीचं नाव काढू नका, सरळ अँजिओग्राफी. दोन्ही शांत, पण वय, साखर, बीपी, तंबाखू यांमुळे शंका उरली, तरच सीटी. तिथे मात्र तो उत्तम. स्वच्छ आला तर दुखण्यामागे कोरोनरीतला अडथळा नाही, असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. पॅकेजमधला नुसता कॅल्शियम स्कोर (डाय न देता धमन्यांतला कॅल्शियम मोजणारा सीटी) शून्य आला म्हणून दुखत्या माणसाला घरी पाठवू नये. मऊ चरबीची गाठ त्यात दिसत नाही.

निपाणीहून कोल्हापूर बेळगावच्या जवळपास निम्म्या अंतरावर आहे, तेव्हा बेळगावचाच हट्ट कशाला? फोनवर स्लाइस विचारू नका. नाडी उतरवायला डॉक्टर हजर असतो का, ट्रोपोनिन रात्री होतो का, तेवढं विचारा.

हो, आणि दमा, हार्ट ब्लॉक किंवा बीपी कमी असेल तर मेटोप्रोलॉल चालत नाही; दम्यात इव्हाब्रॅडिन या नाडी उतरवणाऱ्या दुसऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला. किडनीची तपासणी, क्रिएटिनिन, आधी बघा. जुना बारीक स्टेंट, भरपूर कॅल्शियम किंवा अनियमित ठोके असतील तर सीटी फसवतो. आणि बाबांना आत्ता, या क्षणी दुखत असेल तर गाडी काढा, जवळच्या तालुका रुग्णालयात ईसीजी करा. कर्नाटक सरकारच्या हृदयज्योती योजनेतलं केंद्र असेल तर गुठळी विरघळवायचं टेनेक्टेप्लेजही तिथे फुकट मिळतं.