वास कधी येतो, ते आधी सांगा

गॅरेजच्या दारातून : वाचकांचे प्रश्न, मेस्त्रींची उत्तरं

प्रश्न : मेस्त्री, नमस्कार. माझ्याकडे माझ्या मामांची 1966 ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, उघड्या टपाची, लाल. मामा गेल्यानंतर ती निपाणीत तंबाखूच्या वखारीत बरीच वर्षं झाकून ठेवलेली होती. गेल्या वर्षी इंजिनाचं काम करून घेतलं आणि आता ती छान चालते. त्रास एकच आहे, आत पेट्रोलचा वास येतो. टप लावून बेळगावला येईपर्यंत डोकं भणभणतं. घरी म्हणतात, कपड्यांनाही वास राहतो. आमच्या मेकॅनिकनं दोन्ही कार्बोरेटर दोन वेळा उतरवून साफ केले, फरक नाही. आता तो म्हणतो, जुन्या गाडीला एवढा वास असायचाच. खरं आहे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही, खरं नाही. नवी असताना ही गाडी पेट्रोलच्या वासात बसून कुणी चालवत नव्हतं, आणि आजही तसं चालवायचं कारण नाही. कार्बोरेटरच्या गाडीत तापलेलं इंजिन बंद केल्यावर बॉनेटपाशी थोडा वेळ वास येतो, तेवढा मला मान्य आहे, कारण फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी, हवेला उघडी असते आणि खालून एक्झॉस्टची धग लागते. पण चालत्या गाडीत आत वास येतोय, म्हणजे पेट्रोल नाहीतर त्याची वाफ नको तिथून बाहेर पडतेय. हवेत दीड टक्का वाफ झाली तरी एक ठिणगी पुरते. उणे 40 अंश थंडीतसुद्धा पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेची गोष्टच वेगळी. तुमच्या गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे आहेत आणि मागच्या पेट्रोल पंपात चालू-बंद होणारे विजेचे पॉइंट आहेत. म्हणून हे काम लांबणीवर टाकू नका.

आता पाना बाजूला ठेवा आणि वही घ्या. वास कुठून येतो हे विचारायच्या आधी तो कधी येतो हे लिहायचं. टाकी भरल्यावर जास्त येतो का? टाकी पाव झाली की जातो का? वळणावर वाढतो का? टप काढला की थांबतो का? सकाळी गाडी न हलवता वखारीचं दार उघडलं की येतो का? या उत्तरांवरून निम्मी गाडी तपासायची गरजच उरत नाही. तुमच्या मेकॅनिकनं कार्बोरेटर उघडले, कारण बॉनेट उघडलं की समोर तेच दिसतात. पण तुमच्या पत्रातले दोन शब्द मला मागे घेऊन जातात : ‘टप लावून’.

टप लावलेली उघडी गाडी वेगात असते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि गाडी मागून हवा ओढते. डिकीच्या झाकणाचं रबर चपटं झालेलं असेल, मागच्या दिव्यांचे गास्केट तडकलेले असतील, वायरिंगच्या भोकांतले ग्रोमेट, म्हणजे रबरी रिंगा, गळून पडले असतील, तर डिकीतली आणि टाकीभोवतीची हवा सरळ तुमच्या मानेमागे येते. एमजीबीची टाकी डिकीच्या फरशीखाली टांगलेली असते. म्हणून माझा पहिला संशय टाकी, फिलरचा होज (पेट्रोल भरायच्या तोंडाचा रबरी पाइप) आणि गेजचं सेंडर युनिट (टाकीतली पातळी काट्याला कळवणारा भाग) यांच्यावर.

परीक्षा घरच्या रस्त्यावरच घ्या. संकेश्वरला टाकी काठोकाठ भरा आणि निपाणीकडे परतताना तवंदी घाट सावकाश चढा-उतरा. काचा उघड्या ठेवा आणि शेजारी कुणालातरी बसवा. नाकाला सवय झाली की चालवणाऱ्याला वास कळेनासा होतो. घाटातल्या वळणांवर वास उसळत असेल तर पेट्रोल हिंदकळून टाकीच्या वरच्या भागातून किंवा फिलरच्या जोडातून बाहेर येतंय. टाकी अर्धी झाल्यावर त्याच वळणांवर पुन्हा जा. वास गेला असेल तर भोक वर आहे. कुठलं वळण, डावं की उजवं, हेही लिहून ठेवा.

या टाकीचं मोठं दुखणं म्हणजे तिची पाठ. टाकी आणि डिकीची फरशी यांच्या फटीत धूळ बसते, पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि पत्रा वरून गंजत जातो. खालून बघितलं तर टाकी नव्यासारखी दिसते. वरची सुईएवढी भोकं टाकी उतरवल्याशिवाय दिसत नाहीत. वखारीतला दमटपणा आणि आपला पाऊस बघता मी तुमच्या टाकीच्या पाठीवर विश्वास ठेवणार नाही.

सेंडर युनिट टाकीच्या बाजूला बसतं, वर नाही. त्याचं रबरी सील कडक झालं की टाकी भरलेली असताना तिथून पेट्रोल झिरपतं आणि वाटेतच उडून जातं. खाली थेंब पडत नाही, फक्त पिवळट-तपकिरी डाग उरतो. तो डाग हुडका. डाग सापडला नाही तर संशयाचे सगळे जोड कोरडे पुसून त्यांवर खडूची पूड मारा आणि गाडी एक फेरी फिरवून आणा. जिथून झिरपतंय तिथं पूड ओली होऊन रेघ उठते. सील बदलायला सेंडरची लॉकिंग रिंग फिरवावी लागते. आधी टाकी रिकामी करा, आणि रिंगला छिन्नी लावायचीच असेल तर पितळेची लावा, लोखंडाची ठिणगी नको. बॅटरीची अर्थ वायर, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर, त्याआधी काढलेली असली पाहिजे. कुणी मध्ये बदल केला नसेल तर 1966 च्या गाडीत प्लस बॉडीला असतो, म्हणजे आधी प्लस सुटणार. तुमच्या मेकॅनिकला सवय उलटी असेल, त्याला हे आठवणीनं सांगा.

पुढच्या बाजूचीही एक सोपी परीक्षा आहे, आणि ती मला फार आवडते, कारण हत्यार लागतच नाही. गाडी उघड्या अंगणात उभी करा. इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवा. मागच्या उजव्या बाजूला एसयू कंपनीचा विजेवरचा पंप टिकटिक करेल, कार्बोरेटर भरले की गप्प बसेल. गप्प बसला आणि बसूनच राहिला तर पंपापासून कार्बोरेटरपर्यंत सगळं ठीक आहे. थांबून थांबून पुन्हा टिक वाजत असेल तर पेट्रोल कुठंतरी जातंय. हा पंप मागून ढकलणारा आहे, त्यामुळं लांबच्या लांब पाइपात सगळीकडे दाब असतो आणि कुठलाही ढिला जोड गळू शकतो. पाइप कोरडा असेल तर फ्लोट चेंबर भरल्यावर पेट्रोल अडवणारा निडल व्हॉल्व्ह बंद होत नाही आणि जास्तीचं पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली जातं. ती नळी जागेवर आहे का, आणि एक्झॉस्टपासून लांब, खाली सोडलेली आहे का, हे त्याच वेळी बघून घ्या. कार्बोरेटर साफ करताना ती काढून तशीच विसरलेली मी पाहिली आहे.

तुमच्या गाडीच्या एचएस4 कार्बोरेटरात फ्लोट चेंबरच्या बुडातून जेटकडे (पेट्रोल सोडणाऱ्या तोंडाकडे) एक बारीक नळी जाते. तिच्या टोकाचा रबरी ग्लँड (सील) पुन्हा पुन्हा खोलला की फाटतो. तुमचे कार्बोरेटर दोनदा उतरले आहेत, म्हणून तिथं बोट फिरवून बघा. फ्लोटची उंची झाकण उलटं धरून मोजायची. लिव्हर आणि झाकणाच्या कडेतली फट 1/8 ते 3/16 इंच हवी. निडल नवा घेताना व्हिटॉन या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराच्या टोकाचा घ्या.

रबराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागातल्या प्रत्येक जुन्या गाडीला ते लागू आहे. 2023 च्या फेब्रुवारीत बंगळुरात ई-20 पेट्रोलची सुरुवात झाली आणि आता पंपावर बहुतेक ठिकाणी वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. चिक्कोडी, रायबाग, अथणी, गोकाकचा ऊस कारखान्यात जातो आणि त्यातला काही भाग आपल्याच टाकीत परत येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ती चांगली गोष्ट आहे, माझा तिला विरोध नाही. पण 1966 च्या रबराला इथेनॉलची कल्पना नव्हती. जुना होज आतून फुगतो, मऊ पडतो, मग तडकतो. बाहेरून ओला न दिसताही त्याच्या अंगातून वाफ पाझरते आणि गाडीला वास राहतो. म्हणून एखादा होज बदलून थांबू नका, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे रबरी तुकडे आणि फिलरचा जाड होज एकदमच बदला. होजवर ‘एसएई जे30 आर9’ हे मानक छापलेलं हवं. दुकानदार ‘पेट्रोलचाच पाइप आहे’ म्हणून साधा काळा पाइप देईल, तो घेऊ नका. क्लिपही आतून गुळगुळीत पट्टीची घ्या. खाचांच्या क्लिपा नव्या रबरात रुततात आणि ते कापतात.

टाकीला भोकं निघाली तर? तुम्हाला कुणीतरी सांगेल, धुऊन आणा, वेल्डिंग मारून देतो. कृपा करून देऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण आत पेट्रोल नसलं तरी वाफ आणि हवा असते. नुसती पाण्यानं धुतलेली टाकी वेल्डरच्या हातात फुटते. माझ्या मते गंजलेल्या पाठीची टाकी दुरुस्त करण्यात अर्थही नाही. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडतं. एमजीबीच्या नव्या टाक्या आजही बनतात आणि मागवता येतात. नवी बसवताना पाठीला चांगला रंग द्या आणि फरशीखालची जुनी माती पूर्ण खरवडून काढा.

शेवटी डिकीचं रबर, दिव्यांचे गास्केट, ग्रोमेट बदला. हे शेवटीच करा. आधी फटी बुजवल्या तर वास थांबेल आणि गळती तशीच राहील. सगळं झाल्यावर कार्पेट आणि त्याखालचं फेल्ट काढून काही दिवस उन्हात टाका. फेल्टमध्ये मुरलेला वास नव्या गळतीसारखा भासतो आणि माणूस पुन्हा पाना उचलतो.

प्रश्न : आमच्या प्रीमियर पद्मिनीच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो आणि तेलाची पातळी वाढल्यासारखी दिसते. बाहेर कुठं गळती नाही. गाडी रोज चिक्कोडी बाजारात जाते. चालवत राहिलो तर चालेल का?
— एक वाचक, चिक्कोडी

उत्तर : चालवू नका, आज बाजाराला बसनं जा. तुमचा पंप इंजिनाला बसवलेला, यांत्रिक आहे. त्याचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचिक पडदा, फाटला की पेट्रोल बाहेर न येता खाली तेलात उतरतं. म्हणून अंगणात थेंब दिसत नाही. पातळ झालेलं तेल बेअरिंग खातं आणि सम्पात, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, वाफ साठते. डायफ्रॅमचा किट बदला, तेल आणि फिल्टर दोन्ही बदला, आणि नवं तेल घातल्यावर पातळीवर खूण करून आठवडाभर बघत राहा. तेल पुन्हा वाढलं तर कार्बोरेटरचा निडल व्हॉल्व्ह बघायचा. तिथून वाहणारं पेट्रोलही सिलिंडरमधून खाली जातं. तुमच्या गाडीत पंप पुढून ओढतो, म्हणून टाकीकडच्या पाइपाला भेग पडली तर चालत्या गाडीत पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आणि गाडी चढाला धाप टाकते. तसं काही होत असेल तर तेही कळवा.

प्रश्न : मेस्त्री काका, आमच्या सासऱ्यांची जुनी स्पोर्ट्स कार हिंदवाडीत घराखालच्या पार्किंगमध्ये असते. पावसाळ्यात चार महिने ती हलत नाही, आणि सकाळी जिन्यात पेट्रोलचा वास असतो. जिन्याखालीच आमचा गॅस गिझर आहे. घरात लहान मुलं आहेत. मी काळजी करणं योग्य आहे का? सासरे म्हणतात, मी उगाच घाबरते.
— एक वाचिका, बेळगाव

उत्तर : ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर न जाता जमिनीवरून सरकत जाते आणि खोलगट जागेत साठते. गिझरची ज्योत जमिनीपासून जवळ असेल तर वाफ तिच्यापर्यंत पोचू शकते. आजच्या आज त्या गिझरचा वापर थांबवा आणि गाडी ढकलून उघड्यावर काढा. तिथं इंजिन सुरू करू नका, पार्किंगमधला दिव्याचा स्विचही वास असताना दाबू नका, आधी दारं उघडा. पेट्रोलमध्ये थोडं बेन्झीन असतं, तेही मुलांच्या श्वासात रोज जायला नको. कोरड्या पावडरचा अग्निशामक सिलिंडर जिन्याच्या बाहेरच्या बाजूला टांगा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर आग पसरते.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि हे त्यांना वाचून दाखवा. गळती पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे हुडकून काढल्याशिवाय गाडी पुन्हा घराखाली आणायची नाही. गळती गेल्यावरही पावसाळ्याआधी टाकी जवळजवळ भरून ठेवावी. रिकाम्या जागेतल्या दमट हवेतलं पाणी इथेनॉल ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळं बसतं. अगदी काठोकाठ भरू नका, पेट्रोल फुगायला जागा लागते. मग गाडी बाहेर उघड्यावर उभी करून इंजिन सुरू करा, विजेवरचा पंप असेल तर त्याची वायर काढा आणि इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर कोरडे होतील. त्यानंतर बॅटरीची अर्थ वायर काढा आणि गाडी ढकलत जागेवर न्या.