गावाकडचा निसर्ग: सईला पत्र

प्रिय सई,

भारतातून परतताना तू विचारलेस, "बाबा, तुमच्या गावात निसर्ग कुठे होता? सगळीकडे नुसती शेतंच होती." तेव्हा मला उत्तर सुचले नाही, पण प्रश्न मनाला लागला, म्हणून लिहितो आहे.

आपले गाव रावेर तालुक्यातले. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधली सगळी काळी जमीन कपाशी, ज्वारी आणि केळीखाली. आजोबांच्या शेताच्या बांधावर एक मोठा निंब होता. त्याच्या सावलीत पीक नीट येत नाही, तो तोडा, असे भाऊबंद दरवर्षी सांगत. आजोबा मात्र वखर वळवतानाही त्याच्या मुळांना धक्का लागू देत नसत. बुंध्याभोवती राहिलेल्या पडीक तुकड्यात तरवड पिवळाधमक फुलायचा, निंदणीच्या बाया तिथेच कळण्याची भाकरी सोडून बसायच्या आणि आखाजीला माहेरी आलेल्या आत्या त्याच फांदीला झोका बांधायच्या. यातले शेत कोणते आणि निसर्ग कोणता, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही.

तुला इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर आवडतात, मलाही आवडतात. पण तेही पूर्वी झाडीचे होते. वृक्षतोड आणि शतकानुशतकांची मेंढ्यांची चराई यांमुळे ते असे उघडे झाले, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हटले, त्यातही मेंढपाळांच्या शेतीला मोठे स्थान आहे. धुळ्याकडे मावशीच्या गावी पांझरा नदीच्या बंधाऱ्यावरून पाट निघतो. त्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडलेले असतात आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, असे गाव ठरवते. तो सलग हिरवा पट्टा मला कोणत्याही डोंगराइतकाच सुंदर वाटतो.

तरीही तुझे म्हणणे मला सहज झटकता येत नाही. मे महिन्यात आपल्याकडच्या केळीच्या बागा हिरव्यागार दिसतात त्या ट्यूबवेलच्या पाण्यावर, आणि ते पाणी वर्षागणिक खोल चालले आहे. शिवाय बांधावरची झाडेही आता विरळ झाली आहेत. मी ज्याला निसर्ग म्हणतो, ते कदाचित माझे बालपणच असेल.

म्हणून माझेच खरे मान, असा आग्रह नाही. पुढच्या वेळी तुला वाटले, तर गावातून सातपुड्यातल्या पाल गावच्या जंगलापर्यंत जाऊ. निसर्ग कुठे सुरू झाला, ते वाटेत तू मला दाखव.

तुझा,
बाबा