गोचुजांगचा (कोरियन मिरचीच्या आंबवलेल्या पेस्टचा) डबा आणला, पण चमच्याने चाखला तर गोड आणि खारटच लागतोय. याची चव कशी घ्यायची आणि कशाबरोबर खायचा?

नुसता चाखून निकाल लावू नका, तो तसा खायचा पदार्थच नाही. मिरचीपूड, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड, मोड आलेल्या जवाचं पीठ आणि मीठ असं सगळं कित्येक महिने मुरवून तो होतो. मोडाच्या जवामुळे तांदळातल्या पिठाची साखर होते, म्हणून आधी गोड लागतं. मागून मीठ, मग सोयाबीनचा मुरलेला खमंगपणा, आणि तिखट अगदी शेवटी, घशाशी.

पाव चमचा घेऊन बिनमिठाच्या कोमट भाताबरोबर खाऊन बघा. तो खमंगपणा आलाच नाही, तर डब्यावरचे घटक वाचा. स्वस्त डब्यांत सिरपच पहिलं असतं. कोरियन डब्यावर तिखटाचा जीएचयू आकडाही असतो: 45 ते 75 मध्यम, 100 च्या वर जहाल.

जोडी जमवताना त्याला फिकं, आंबट किंवा स्निग्ध काहीतरी द्या. बिबिमबापच्या (भाज्या घालून कालवलेल्या कोरियन भाताच्या) एका वाडग्याला 1 मोठा चमचा गोचुजांग, प्रत्येकी 1 छोटा चमचा तिळाचं तेल, साखर आणि पाणी. हे शिजवायचं नाही. कच्ची मासळी, उकडलेलं माकुल किंवा वाफवलेली ब्रोकोली असेल, तर 2 मोठे चमचे गोचुजांगला 1 मोठा चमचा तांदळाचं व्हिनेगर, 2 छोटे चमचे साखर आणि थोडा लसूण. भाजलेलं चरबीदार डुकराचं मांस लेट्यूसच्या पानात गुंडाळून खाताना मात्र नुसता गोचुजांग गोड पडतो. तिथे 2 भाग द्वेनजांग (सोयाबीनची खारट पेस्ट) आणि 1 भाग गोचुजांग.

सगळ्यात जास्त बिघडते ती तोकबोक्की, म्हणजे तिखट रश्शातल्या तांदळाच्या कांड्या. तिखट कमी पडलं की लोक गोचुजांगच ओतत सुटतात, आणि रस्सा खारट, जड, लगद्यासारखा होतो. तिखट वाढवायला गोचुगारू, म्हणजे कोरियन मिरचीपूड, वापरा. 300 ग्रॅम तांदळाच्या कांड्यांना अर्धा लिटर पाणी, 2 मोठे चमचे गोचुजांग, आणि प्रत्येकी 1 मोठा चमचा गोचुगारू, सोया सॉस व साखर. मध्यम आचेवर 10-12 मिनिटं, हलवत राहा. गोचुजांग आधी थोड्या पाण्यात कालवला की गुठळ्या होत नाहीत. मूळ रस्सा सुक्या मासळीचा असतो, शाकाहारी असाल तर सुके शिताके मशरूम भिजवलेलं पाणी घ्या. (काही डब्यांत गहू आणि किंचित अल्कोहोलही असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी बघून घ्यावं.)

चिकन भाजताना सुरुवातीलाच थापलात तर साखर करपून कडू होते. शेवटची 3-4 मिनिटं उरली की लावा.

जास्त झणझणलं तर पाणी पिऊन उपयोग नाही, दूध घ्या. उघडलेला डबा फ्रिजमध्ये ठेवा. वरचा थर काळपट झाला तरी चालतो. बुरशी दिसली तर टाकून द्या.