‘दादा, एकच छोटं करेक्शन’

“मॅडम, गिऱ्हाइकाला नाही म्हणायला जमत नाही.” हे वाक्य मी ब्लाउज शिवणाऱ्या ताईंकडून ऐकलंय, इंटिरिअरची कामं घेणाऱ्या मुलाकडून ऐकलंय, घरी केक करून विकणाऱ्या दोघींकडूनही ऐकलंय. दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ही माणसं येतात ती झोप लागत नाही म्हणून, नाहीतर घरच्यांवर विनाकारण ओरडायला होतं म्हणून. तासाभरात बोलणं याच वाक्यापाशी येऊन थांबतं. म्हणून रोहनची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे आणि त्याची परवानगी घेतली आहे.

रोहन तिशीचा, लालबागच्या चाळीत आई-वडिलांसोबत राहणारा. लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. काम फोटोग्राफरकडून येतं, पैसे शीटमागे, म्हणजे अल्बमच्या एकेका जोडपानामागे मिळतात. पहिल्या भेटीत बोलता बोलता त्याचा फोन वाजला. त्याने वाचलं, फोन टेबलावर पालथा घातला आणि पुढची दहा मिनिटं तो त्या पालथ्या फोनकडेच बघत होता. मेसेज होता, ‘दादा, एकच छोटं करेक्शन.’

त्या अल्बमची ती सातवी फेरी होती. फोटोग्राफरने रोहनचा नंबर थेट घरच्यांना देऊन टाकला होता आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन्हीकडची मिळून 9 माणसं होती.

“नाही म्हटलं तर काय होईल?”

“काम जाईल. फोटोग्राफर दुसरा डिझायनर बघेल.”

“आणि हो म्हणता तेव्हा?”

तो जरा वेळ गप्प बसला. “लाइट गेली म्हणून सांगतो. अल्बम छापायची लॅब बंद आहे म्हणतो. मग रात्री दोनला उठून करतो.”

त्याचा थकवा खरा होता, हे मी त्याला आधी सांगितलं. 12 बाय 36 इंचांच्या शीटवर एक माणूस वाढवायचा म्हटलं की बाकीचे फोटो सरकतात, कुणाचा तरी चेहरा नेमका मधल्या घडीवर येतो आणि शीट मोडून पुन्हा बांधावी लागते. मागणाऱ्याला ते छोटंच वाटतं, कारण त्याला फक्त आपला मामा दिसत असतो.

पण सतरा कामं हसत करणारा माणूस एका मेसेजने इतका का कोसळतो, हे मला अजून कळलेलं नव्हतं. तिसऱ्या भेटीला मी त्याला या अल्बमची सगळी करेक्शन्स वहीत लिहून आणायला सांगितली. त्याने शाळेची दुरेघी वही आणली. 43 ओळी. म्हटलं, मोठ्याने वाचा.

“शीट 14. आजीचा फोटो मोठा करा. म्हणजे मला साधं लहान-मोठंही कळत नाही.”

“दुसरं वाक्य कुठे लिहिलंय?”

त्याने वहीत पाहिलं. बोट ओळीवरून फिरवलं. “नाही लिहिलेलं.”

“पुढची ओळ वाचा.”

“शीट 19. कानपिळीत मुलीचा भाऊ दिसत नाही. म्हणजे...” तो तिथेच थांबला. त्यानंतरच्या ओळी त्याने फार सावकाश वाचल्या, फक्त जेवढं लिहिलं होतं तेवढंच. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. इतक्या वर्षांच्या कामात मला कळलेली गोष्ट म्हणजे अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवावं. शेवटी तो स्वतःच म्हणाला, “मॅडम, यातल्या 29 ओळी कोण राहिलं याच्या आहेत. आत्या, काका, करवली. डिझाइन आवडलं नाही असं कुणीच म्हटलेलं नाही.”

तो क्षण माझ्याही लक्षात राहिला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून जी विचारपद्धती मांडली, तिच्यावर माझा भरवसा आहे आणि तो अशा दिवशी आणखी घट्ट होतो. माणसाला घडलेल्या गोष्टीपेक्षा त्या गोष्टीला त्याने मनात जोडलेलं वाक्य जास्त छळतं. मराठीत तर ते एका अक्षरात पकडता येतं. ‘गिऱ्हाईक खूश व्हावं’ ही इच्छा झाली. ‘गिऱ्हाईक खूश झालंच पाहिजे’ म्हटलं की त्या ‘च’मध्ये आपली सगळी लायकी पणाला लागते. मग प्रत्येक करेक्शन म्हणजे नापासाचा शेरा वाटतो, आणि शेरा मारणाऱ्याशी पैशांचं बोलायचं कसं? रोहनची जीभ अडत होती ती इथे.

हे सुटल्याशिवाय ‘ठामपणे बोला’ असा सल्ला देण्यात अर्थ नसतो. सुटल्यावर मात्र व्यवहार शिकावाच लागतो. अशी कामं करणाऱ्या सगळ्यांनाच सांगते: अटी काम सुरू होण्याआधी सांगा, चिडल्यावर नाही. किती फेऱ्या पैशांत धरल्या आहेत आणि पुढच्या फेरीचे किती, हे लिहून द्या. करेक्शन्स एकाच माणसाने, शीटच्या नंबरासह, एकत्र पाठवायची. व्हॉइस नोटवर आलेली परत लिहून मागा. छापायला पाठवण्याआधी ‘फायनल’ हा होकार लेखी घ्या, कारण लॅबमधून आलेली शीट खोडता येत नाही. आणि ‘लाइट गेली’ हे सोडा. खोटं सांगितलं की समोरच्याला अट कधी कळतच नाही, तो बिचारा लाइट यायची वाट बघत बसतो.

रोहनने माझ्यासमोर बसूनच मेसेज टाइप केला. ‘यापुढची करेक्शन्स वहिनींनी एकत्र पाठवावीत. ही फेरी करून देतो, यानंतरच्या फेरीला शीटमागे वेगळे पैसे होतील.’ पाठवण्याआधी त्याने दोनदा ‘सॉरी’ घातलं आणि दोनदा खोडलं. त्या रात्री ग्रुपवर कुणीच काही बोललं नाही आणि ती रात्र त्याला जड गेली. पण त्याने दुसरा मेसेज टाकून पहिला पातळ केला नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. सकाळी मुलीच्या मामांचा फोन आला. “पैसे किती ते सांगा, पण आमची आक्का राहता कामा नये.”

तुळशीची लग्नं झाल्यावर तो पुन्हा येऊन गेला, सीझन सुरू होण्याआधी. वही तीच होती, पान नवं. वर ‘मानाची माणसं’ असं लिहून त्याने मधोमध रेघ मारली होती, एकीकडे मुलाची बाजू, दुसरीकडे मुलीची. आता हे पान तो फोटो निवडण्याआधीच दोन्ही घरांकडून भरून घेतो.