नाणं नव्हे, टाक!

प्रश्न असा आहे: 'आमच्या गणेश मंडळाने शताब्दीनिमित्त वर्गणीदारांना चांदीचं स्मृतिनाणं दिलं. हा शब्द बरोबर आहे का? आणि अशा वस्तू जमवणाऱ्याला मराठीत काय म्हणावं?'

बरोबर नाही. पतसंस्थेचा सुवर्णमहोत्सव असो की कुणाच्या लग्नाची पंचविशी, जे गोल आणि चकचकीत दिसलं ते नाणं! अहो, नाणं म्हणजे सरकारने दर्शनी किंमत घालून काढलेला तुकडा. 1964 साली नेहरूंच्या स्मरणार्थ निघालेला रुपया हे स्मारक नाणं, कारण तो रुपया आहे. तुमच्या तुकड्याच्या पाठीवर '999' आणि '10 ग्रॅम' असं काहीतरी असेल. ती शुद्धता आणि वजन झालं, किंमत नव्हे. 'पण टाकसाळीत पाडलंय' असंही सांगू नका, मुंबईची टाकसाळ पदकंही पाडते. खासगी माणसाने पैसा म्हणून चालवायला धातूचा तुकडा पाडणं तर 1889च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

मग पदक? चालेल. पण पदक म्हटलं की कोणीतरी शर्यतीत पहिला आल्यासारखं वाटतं. माझ्या मते यासाठी अस्सल मराठी शब्द आपल्या देवघरातच पडून आहे: टाक.

आमच्या घरातला खंडोबाचा टाक पाहा. ठशावर चांदीचा पातळ पत्रा ठोकून उठवलेला, मागून पोकळ. घोड्यावर देव आणि मागे म्हाळसा, दोघांची नाकं पिढ्यान्‌पिढ्या चिंचेने घासून सपाट झालेली. शेजारी एक वीराचा टाक आहे. हा देव नव्हे, घरातला कोणी गेलेला पुरुष. नाशकात धुळवडीला असे वीर वाजतगाजत रामकुंडावर नेतात. म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी, घरच्यांनी स्वखर्चाने, सोनाराकडून करवून घेतलेला धातूचा तुकडा. खासगी स्मृतिपदक याहून वेगळं काय असतं? युरोपात आधुनिक पदकांची सुरुवात पिसानेल्लो या इटालियन चित्रकाराने 1438च्या सुमारास घडवलेल्या बायझंटाइन सम्राटाच्या पदकापासून मानतात. मानोत बापडे.

आणि शब्द किती देखणा! संस्कृतात टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नी. त्याच छिन्नीने ठसा कोरायचा, म्हणून ठसा उठवलेलं नाणं तेही टंक. ते पाडायची जागा टंकशाला, म्हणजे टाकसाळ. कंकणाचं काकण झालं तसा टंकाचा टाक. छिन्नी राहिली टाकी म्हणून, जिचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. बंगालात टका चलन झाला, आपल्याकडे शंभरातला टक्का झाला. टंकलेखनही त्यातलंच, अक्षराचा ठसा उठतो ना! शाईत बुडवायचा टाकसुद्धा मी याच घरात घालतो. त्यावर एका कोशप्रेमी मित्राशी माझं दोनदा भांडण झालंय आणि तिसऱ्यांदा व्हायला माझी हरकत नाही.

'देव्हाऱ्यात टाकायचा म्हणून टाक' ही व्युत्पत्ती सांगणाऱ्यांना हात जोडून विनंती, देव कोणी टाकत नाही हो, बसवतात. दुसरे विद्वान टंक शब्दच तुर्कांकडून आणतात. त्यांनी वाल्मीकींच्या अयोध्याकांडात भरतासाठी रस्ता करणारे मजूर पाहावेत. त्यांच्या हातात कुऱ्हाडी, कोयते आणि टंक आहेत. ते मजूर तुर्कस्तानातून मागवले होते की काय?

जमवणाऱ्यांसाठी एक सूचना मात्र हवीच. मागे एका प्रदर्शनात मला 'ईस्ट इंडिया कंपनी, 1818, हाफ आना' असं लिहिलेला हनुमानाचा तांब्याचा तुकडा दाखवून विक्रेत्याने आकडा लाखात सांगितला. कंपनीने असलं नाणं कधी काढलंच नाही. ते मागाहून पाडलेलं खासगी टोकन आहे. रामदरबाराचे रामटंकेही असेच, पूजेचे. गंमत बघा, तिथेही टंक आहेच! नव्याने पाडलेल्या चांदीच्यांना फार तर चांदीचा भाव मिळतो, तांब्याच्याला तोही नाही. आणि 'नाणं' म्हटलं की गिऱ्हाईक फसतं. मी त्या विक्रेत्याला टाकसाळीची व्युत्पत्ती ऐकवली, तर त्याने तुकडा कागदात गुंडाळून पेटीत ठेवला.

तेव्हा 'स्मृतिटाक' म्हणा. जमवणाऱ्याला काय म्हणायचं ते राहिलंच. 'टाकवाला' सुचला होता, पण बायको म्हणाली, लोक गच्चीवरची टाकी धुवायला बोलावतील. तूर्त 'पदकसंग्राहक' चालवा.