'संयुक्त सेना', 'तुकडी' की 'ब्रिगेड'?

प्रश्न असा आहे: लिथुआनिया, पोलंड आणि युक्रेन या देशांनी मिळून जी लष्करी ब्रिगेड उभी केली, तिला मराठीत नेमकं काय म्हणावं? 'संयुक्त सेना', 'बहुराष्ट्रीय तुकडी' की 'त्रिदेशीय वाहिनी'? आणि तिन्ही देशांचं सैन्य तिच्यात 'विलीन झालं' असं लिहिलं तर चालेल का?

मी 'तीन देशांची संयुक्त ब्रिगेड' असं लिहीन. 'विलीन' मात्र अजिबात नको.

'सेना' म्हटलं की देशाचं अख्खं लष्कर डोळ्यांसमोर येतं आणि 'तुकडी' म्हटलं की फार तर शेकड्यांत मोजता येतील एवढे जवान. ब्रिगेड या दोहोंच्या मधली. सर्वसाधारणपणे तीन ते पाच हजारांचं बळ, तीन-चार पलटणी आणि जोडीला तोफखाना, अभियंते, रसद. पलटण इथे बटालियन या अर्थाने म्हणतोय. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनला 'जंगी पलटण' म्हणतात, तोच हा अर्थ. प्लाटूनशी तिची गल्लत करू नये, प्लाटूनमध्ये जेमतेम तीस-चाळीस जवान असतात.

मग ब्रिगेडला आपला जुना शब्द नव्हताच का? होता, आणि मला तो फार आवडतो: कंपू. महादजी शिंद्यांसाठी द बॉयन या युरोपीय सेनानीने कवायती पायदळ उभं केलं, तेव्हा कित्येक पलटणी आणि त्यांच्या तोफा मिळून जे मोठं दळ होई, त्याला कंपू म्हणत. ब्रिगेडच्या इतक्या जवळ जाणारा दुसरा मराठी शब्द मला माहीत नाही. पण आज 'कंपू' म्हटलं की आपापल्या माणसांचं टोळकं आठवतं, 'कंपूशाही' तर शिवीच झाली आहे. 'तीन देशांचा कंपू' हे शीर्षक वाचून कुणालाही वाटेल की तिघांनी मिळून काहीतरी शिजवलंय. शब्द हातचा गेला, याचं वाईट वाटतं.

'वाहिनी'चंही तसंच. महाभारतात वाहिनीला ठरलेलं माप आहे: 81 हत्ती, 81 रथ, 243 घोडे आणि 405 पायदळ. पण आता वाहिनी दिवाणखान्यात टीव्हीवर लागते. 'मुक्तिवाहिनी'सारख्या विशेषनामात ती शोभते, नव्या बातमीत वाचक अडखळेल. तेव्हा ब्रिगेड हाच शब्द ठेवावा. तो मराठीत रुळलेला आहे आणि स्त्रीलिंगीच आहे.

आता 'संयुक्त'. हे विशेषण दोन्हींकडे झुकतं. 'संयुक्त राष्ट्रे' म्हणताना सदस्य देश वेगळेच राहतात. 'संयुक्त महाराष्ट्र' म्हणताना वेगळे भाग एक होतात. शिवाय भूदल, नौदल, वायुदल यांनी मिळून केलेल्या कारवाईलाही आपण संयुक्तच म्हणतो. म्हणून 'तीन देशांची' हे शब्द आधी हवेतच. 'बहुराष्ट्रीय'ला माझी हरकत नाही, पण तिघांची नावं माहीत असताना 'बहु' कशाला? 1999 साली बल्गेरियातल्या प्लॉवदिव्ह इथे सुरू झालेल्या आग्नेय युरोपच्या ब्रिगेडला तो शब्द शोभतो. तिच्यात सात देश होते आणि मुख्यालयही फिरतं होतं.

'विलीन' का नको, ते करारावरून कळतं. 19 सप्टेंबर 2014 ला वॉर्सामध्ये तिन्ही संरक्षणमंत्र्यांनी सह्या केल्या. पोलंडमधल्या लुब्लिनला मुख्यालय आलं. तिथे तिन्ही देशांचे अधिकारी एकत्र काम करतात, पलटणी मात्र आपापल्या देशातच राहतात. सराव किंवा मोहीम ठरली, की त्या ब्रिगेडखाली यायच्या. यासाठी मराठीत 'संलग्न' हा चांगला शब्द तयार आहे. महाविद्यालय विद्यापीठाला संलग्न असतं, पण त्याचा कारभार वेगळा असतो, तसंच हे. फ्रान्स आणि जर्मनीच्या ब्रिगेडमध्ये रसद पुरवणाऱ्या बटालियनमध्ये दोन्ही देशांचे सैनिक एकत्र असतात. तिला 'मिश्र बटालियन' म्हणता येईल, पण विलीन तीही नाही, कारण प्रत्येक सैनिक आपल्याच देशाचा राहतो.

आणखी एक चूक टाळा: हिला 'नाटोची ब्रिगेड' म्हणू नका. पोलंड आणि लिथुआनिया नाटोत आहेत, युक्रेन नाही. ब्रिगेडला नाव दिलंय कोन्स्तान्तिन ओस्त्रोझ्स्की या सेनापतीचं. 1514 मध्ये ओर्शाच्या लढाईत त्याने मॉस्कोच्या फौजेचा पराभव केला होता. हे नाव कुणाकडे बघून ठेवलं, ते बातमीत एका वाक्यात सांगितलं तर वाचकाला बरंच कळेल.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'लिथुआनिया, पोलंड आणि युक्रेन यांनी संयुक्त ब्रिगेड उभी केली असून तिन्ही देशांच्या पलटणी तिला संलग्न आहेत.'