मी नुकताच १८ वर्षांचा झालोय. माझ्या एका मताने खरंच काही फरक पडतो का, आणि सुरुवात कुठून करू?

पडतो. २००८ साली राजस्थानच्या नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी फक्त एका मताने हरले. तेव्हा ते काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष होते, मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचं नाव चर्चेत होतं. इतकी अटीतटीची लढत रोज होत नाही हे खरं, पण ग्रामपंचायतीच्या वॉर्डात मतदारच मोजके असतात. तिथे चार मित्र मतदानाला गेले नाहीत तरी निकाल फिरू शकतो.

तुझं पहिलं काम म्हणजे यादीत नाव. ओळखपत्र खिशात असलं तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, आणि केंद्रावर जाऊन हे कळणं फार जिव्हारी लागतं. त्यासाठी फॉर्म ६ भर. ऑनलाइनही भरता येतो. शिक्षणासाठी हॉस्टेलवर असशील तर तिथला किंवा घरचा पत्ता देता येतो, मात्र दोन्हीकडे नाव नको. धाकट्या भावंडांनाही सांग, १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो.

मतदानाच्या दिवशी बटण दाबलं की लगेच निघू नकोस. शेजारच्या यंत्राच्या काचेआड ७ सेकंद चिठ्ठी दिसते, त्यावरचं नाव आणि चिन्ह नीट बघ.

त्याआधी उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र जरूर वाच. मालमत्ता, शिक्षण, गुन्हे सगळं त्यात असतं, आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही पाहता येतं.